साडेतीन मिनिटांचा शब्द: अमळनेरच्या एका रोजच्या पॉडकास्टचं प्रकरण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे मोठमाय. माझी थोरली काकू, वय अठ्ठ्याहत्तर, पारोळ्याकडच्या एका खेड्यात राहते. फोनवर 'हॅलो' म्हणायची सवय तिला कधी लागलीच नाही.

"तू चुकना भो. आमी जातं कोठे म्हनतस? घरोट म्हनतस."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

त्या दिवशीचा आमच्या पॉडकास्टचा शब्द होता 'जातं'. संस्कृत 'यंत्र', त्याचं प्राकृतात 'जंत' आणि मराठीत 'जातं'. शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' करायची प्राकृताला जुनी खोड. यात्रेची जत्रा झाली, युगाचं बैलाच्या मानेवरचं जू झालं आणि इंग्रजीतला 'योक' त्या जूचाच लांबचा भाऊबंद. हे सगळं साडेतीन मिनिटांत बसवून मी खुशीत झोपलो होतो. मोठमायचा आक्षेप व्युत्पत्तीवर नव्हताच. तिच्या घरातल्या वस्तूला मी परकं नाव दिलं, एवढीच तक्रार.

ताईनं मधल्या सुट्टीत शाळेतूनच फोन केला. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या कार्यक्रमातलं डोकं तिचं, घसा माझा. "अरे, संस्कृत कोशात 'घरट्ट' आहे. अर्थ दळायचा दगड. मोठमायला सांग, तिचं घरोट तिथं बसलंय." म्हणजे एकाच दगडाला दोन नावं, दोन वेगळ्या वाटांनी आलेली. प्रमाण मराठीनं यंत्र उचललं, आमच्याकडे अहिराणीत घरट्ट टिकला. दुसऱ्या दिवशी आम्ही 'घरोट' केला. त्या दिवशी आलेले व्हॉइस मेसेज ऐकायला मला रात्रीचे साडेअकरा वाजले. एका बाईनं बोलायच्या आधी प्रत्यक्ष घरोट फिरवून त्याची घरघर रेकॉर्ड केली होती. मग म्हणाली, "ऐका, आता शब्द ऐका."

रोजचा, छोटासा, शब्दांच्या उगमाबद्दलचा पॉडकास्ट लोकांना का धरून ठेवतो, हे आम्ही वर्षभर चाचपडत होतो. उत्तराचा मोठा तुकडा या दोन दिवसांत हाती लागला, म्हणून सुरुवात इथून केली.

गादीच्या दुकानात

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. गावात याआधीचं संमेलन १९५२ चं. त्याचे अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी, मराठी व्युत्पत्ति कोशाचे कर्ते. ही गोष्ट ताईला मांडवात कुणीतरी सांगितली आणि ती तिच्या डोक्यात बसली. "शब्दांची कुळं शोधणारा माणूस आपल्या गावात अध्यक्ष म्हणून येऊन गेला, आणि आपण 'पगार' कुठून आला ते सांगू शकत नाही." तासाभराच्या एसटी प्रवासावर धुळं. इतिहासाचार्य राजवाडे तिथंच ३१ डिसेंबर १९२६ ला वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथंच उभं राहिलं आणि त्यांचं धातू नि शब्दांच्या व्युत्पत्तीचं काम त्याच मंडळानं छापलं. राजवाड्यांच्या काही व्युत्पत्त्या फारच ओढूनताणून आणलेल्या आहेत हे माझं मत ताईला अजून पटलेलं नाही. असो.

अडचण होती आवाजाची. माझ्या घरात फरशी, सिमेंटच्या भिंती, पत्र्याचं कपाट. माइक लावला की विहिरीत बोलल्यासारखं. मग बसस्टँडच्या मागचं गादीचं दुकान सुचलं. मालक पिंजारी, वय साठीच्या पुढे. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो, आम्हीही. दुकानाच्या मागच्या खोलीत तिन्ही भिंतींना छतापर्यंत गाद्या, मधे रुईचे गठ्ठे. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातच मरते. रुई आवाज पिऊन टाकते. पैसे टाकून बांधलेल्या स्टुडिओत तरी दुसरं काय करतात? दुपारी दोन ते तीन चाचांचं पिंजायचं मशीन बंद असतं, जेवणाची वेळ. तेवढ्यात आमचं रेकॉर्डिंग. तोटा एकच: रुईचा भुगा माइकच्या जाळीत जाऊन बसतो आणि मला शिंका येतात. दोन भागांत माझी शिंक तशीच आहे, कापायची राहून गेली.

भिंतीवर, गाद्यांच्या वर, चाचांच्या वडिलांची धनुकली टांगलेली आहे. माणसाहून उंच लाकडी धनुष्य, तार अजून ताठ. तिच्याकडे शेवटी येतो.

साडेतीनच का

सुरुवातीचे भाग आठ-नऊ मिनिटांचे होते. आम्हाला वाटायचं, एवढं खणून काढलंय तर सगळं सांगायला हवं. लोक 'छान' असा अंगठा पाठवायचे आणि ऐकायचे नाहीत. ऐकलं नाही हे कळायचं कसं? शेवटी विचारलेल्या प्रश्नाला कुणी उत्तर द्यायचं नाही.

कापत कापत साडेतीन मिनिटांवर आलो. माझ्या वेगानं वाचली तर ती चारशे शब्दांची संहिता होते, हाताने लिहिलेली दीड-दोन पानं. ६४ केबीपीएसवर अशी फाइल पावणेदोन एमबीच्या आत राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती पटकन उतरते, महिनाअखेरीला डेटा संपत आलेला असला तरी. एका रविवारी हौसेनं बावीस मिनिटांचा विशेष भाग काढला. त्याची फाइल झाली साडेदहा एमबीची. कित्येकांच्या फोनवर ती नुसती गोल फिरत राहिली. दोष पूर्णपणे एमबीचा नव्हता म्हणा. बावीस मिनिटांसाठी माणसाला बसावं लागतं. साडेतीन मिनिटांसाठी हातातलं काम सोडावं लागत नाही.

ते कुठे ऐकलं जातं हे नंतर हळूहळू कळत गेलं. धार काढताना, फोन गव्हाणीच्या कठड्यावर ठेवून. कणीक तिंबताना. धुळ्याच्या पहिल्या गाडीत, खिडकीशी. एका रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, "स्टँडपासून स्टेशनपर्यंत एक शब्द होतो." कार्यक्रमाची लांबी इतक्या नेमकेपणानं मला कधी सांगता आली नसती.

रोज म्हणजे रोज, आणि ठरल्या वेळी, हे दुसरं. वेळ सहाची. सहा वीसपर्यंत शब्द आला नाही की फोन सुरू. आठवड्यातून तीनदा केलं तर काम निम्मं होईल म्हणून महिनाभर तसं करून पाहिलं. मग लोकांना आज आहे की उद्या हेच आठवेना. रोजची गोष्ट लक्षात ठेवावी लागत नाही, दूध येतं तशी ती येते. मोठमाय 'पॉडकास्ट' म्हणत नाहीच. तिच्या लेखी तो 'सकायना शब्द'.

चाललेले आणि पडलेले

आमचा अंदाज होता की भारदस्त शब्द चालतील. 'संस्कृती' केला, 'अभिजात' केला. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तर करायलाच हवा होता. कुणी हूं की चूं केलं नाही. 'घमेलं' केलं आणि गवंडी कामावरून फोन. पोर्तुगीज 'गामेला', म्हणजे लाकडी परात. पोर्तुगीज माणूस खान्देशात कधी राहायला आला नाही, पण त्याची परात कोकणातून घाट चढून आमच्या सिमेंटपर्यंत पोचली. फोन करणाऱ्यानं विचारलं, "मग थापीचं काय?" हे महत्त्वाचं. शब्द त्याच्या हातातला होता, म्हणून पुढचा प्रश्न त्याच्याकडे होता. 'अभिजात' ऐकणाऱ्यानं पुढे विचारायचं तरी काय?

'हप्ता' फार चालला. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, 'हफ्ता' म्हणजे आठवडा. आपल्याकडे 'सप्त'; संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणी भाषांत बहुधा 'ह', त्यातूनच सिंधूचं हिंदू झालं. म्हणजे गावातला हरिनाम सप्ताह आणि बचत गटाचा हप्ता ही सख्खी चुलत भावंडं. बचत गटाच्या एका अध्यक्षबाई म्हणाल्या, "एक पुण्य लावतो, एक व्याज." तो वाक्प्रयोग दोन आठवडे फिरत होता.

'जिल्हा' हा अरबी 'दिल्अ', मूळ अर्थ बरगडी, बाजू. १९०६ साली खान्देशाच्या एका जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, पुढे त्यांचीच नावं जळगाव आणि धुळे पडली आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. एका बरगडीच्या तीन झाल्या, असं मी म्हणालो. ताईला हे वाक्य सवंग वाटलं. श्रोत्यांना आवडलं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण सगळ्यात जास्त ज्याची आठवण काढली जाते तो शब्द आम्ही निवडलेलाच नव्हता. 'मिरची' केली होती. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली. तिला नाव द्यायला नवा शब्द कुणी घडवला नाही, आधीपासून घरात असलेल्या तिखटाचं, म्हणजे 'मरिच' या काळ्या मिरीचंच नाव तिला चिकटलं. नंदुरबारहून एका व्यापाऱ्यांनी लगेच कळवलं: मिरची झाली, आता 'पथारी' करा. लाल मिरची मैदानात वाळत घालतात, त्या जागेला तिकडे पथारी म्हणतात. पिकल्या मिरचीचा लाल गालिचा, वर खाली करायला बायका ओळीनं बसलेल्या, आणि बघणाऱ्याचे डोळे चुरचुरतात.

ताईनं तीन दिवस घेतले. पथारी म्हणजे पसरलेलं. संस्कृत 'प्रस्तर', 'प्रस्तार', धातू 'स्तृ', पसरणे. गुजरातीत पथारी म्हणजे अंथरूण. फारसीत त्याच धातूपासून 'बिस्तर'. लॅटिनमध्ये त्याच कुळातल्या क्रियापदापासून 'स्ट्राटा', दगड पसरून केलेला रस्ता, आणि त्याचं इंग्रजीत 'स्ट्रीट'. म्हणजे मिरचीची पथारी, फेरीवाल्याची पथारी, चाचांच्या दुकानातला बिस्तर आणि तो फेरीवाला ज्या स्ट्रीटवर बसतो ती स्ट्रीट, सगळी एकच भावकी. रेकॉर्डिंग करताना मी बिस्तरांच्याच मधे बसलो होतो. चाचा जेवण सोडून दारात येऊन उभे राहिले. भाग संपल्यावर म्हणाले, "म्हणजे मी आणि रस्ता एका खानदानाचे?"

हा भाग का चालला याचं कारण मी असं लावतो: तो एका वाक्यात दुसऱ्याला सांगता येतो. चहाच्या टपरीवर, ग्लास हातात धरून, "पथारी आणि स्ट्रीट भाऊ-भाऊ, माहितेय का?" माहिती साठवण्यासाठी लोक ऐकत नाहीत. सांगण्यासाठी ऐकतात. आणि सांगायची गोष्ट साडेतीन मिनिटांहून मोठी असली तर वाटेत सांडते.

खान्देश: न मावलेला शब्द

आठव्या महिन्यात आम्ही आमच्या मुलखाच्याच नावाला हात घातला. घालायला नको होता, असं तेव्हा वाटलं.

एक मत असं की गुजरातच्या सुलतानानं इथे राज्य करणाऱ्या फारुकी राजांना 'खान' ही पदवी दिली आणि खानांचा तो खानदेश. दुसरं मत असं की मूळ नाव कान्हदेश, कृष्णाचा देश. इथली वस्ती अहिरांची, बोली अहिराणी, 'अहिर' हा संस्कृत 'आभीर', आणि आभीरांचं नातं गोपाळकृष्णाशी जोडतात. मी साडेतीन मिनिटांत दोन्ही मतं सांगितली, पहिलं थोडं जास्त वेळ. सकाळी साडेसहापासून फोन. कुणी म्हणालं तुम्ही आमचा कान्हा पळवला, कुणी म्हणालं दुसरं मत सांगितलंच कशाला. एका ग्रुपवर दोन जुने मित्र एकमेकांना 'साहेब' म्हणून बोलू लागले. आमच्याकडे हे भांडणाचं पक्कं लक्षण.

आम्ही चूक अशी केली की खुलाशाचे तीन भाग काढले. थाळनेर आणि तापीचा काठ, फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर, १६०१ मध्ये अकबरानं घेतलेला असीरगड. माहिती सगळी नीट होती. पहिला खुलासा चिडून ऐकला गेला, दुसरा सवयीनं, तिसरा कुणीच ऐकला नाही.

त्यातली एकच गोष्ट टिकली आणि ती ताईची. अकबरानं प्रांत जिंकल्यावर मुलगा दानियाल याच्या नावावरून त्याचं नाव 'दानदेश' केलं. ताई म्हणाली, "खान काढून दान घालायचं हे कधी सुचेल? नावात खान ऐकू येत असेल तेव्हाच. म्हणजे त्या काळी दरबारात तरी ते नाव खान-देश असंच ऐकलं जात होतं. त्याच्या आधी लोक काय म्हणत, हा प्रश्न तसाच राहतो." हे तिनं चाळीस सेकंदांत सांगितलं. पहिल्याच दिवशी मी हे चाळीस सेकंद ठेवून बाकी सगळं गाळायला हवं होतं. भांडण असलेला शब्द भांडण म्हणूनच सांगावा, त्यातला एक पुरावा ऐकणाऱ्याच्या हातावर ठेवावा आणि निघावं. निकाल द्यायला बसलं की तीन भाग लागतात.

'साबण' या शब्दानं हे पुन्हा शिकवलं. मी तो पोर्तुगीज 'साबाव'वरून आला असं ठोकून दिलं. चाचा दारातूनच म्हणाले, "भाऊ, साबून अरबी आहे. पोर्तुगीज कुठून आणले?" बरोबर होतं त्यांचं, अरबीत 'साबून' आहेच. लॅटिन 'सापो' दोघांच्याही मागे उभा आहे आणि आपल्याकडे शब्द समुद्रानं आला की खुष्कीनं, की दोन्हीकडून, यावर जाणत्यांत एकमत नाही. या वेळी खुलासा केला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांचं ते वाक्य त्यांच्याच आवाजात लावलं, वर वीस सेकंद बोललो आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. कुणाला काही खटकलं नाही.

न्यूज

एक भाग मात्र साफ हरला. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरं, हे आपण सगळे शाळेत शिकलो. ते खोटं आहे. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन 'न्यूज', नव्या गोष्टी. फ्रेंच 'नूव्हेल'च्या धर्तीवर. मी हे अगदी सौम्यपणे सांगितलं. एका निवृत्त गुरुजींनी उत्तर पाठवलं: "तीस वर्षं शिकवलं. आता विद्यार्थी शोधून परत बोलावू का?" पुढच्याच आठवड्यात आमच्याच ग्रुपवर चार दिशांचा तो मेसेज रंगीत फुलांसकट पुन्हा आला, पाठवणाऱ्या त्याच बाई ज्यांनी माझ्या भागाला 'खूप छान माहिती' म्हटलं होतं.

याचा मला राग आला होता, आता येत नाही. चार दिशांची गोष्ट सांगायला सोपी आहे, तिला चार बोटं पुरतात. खरी व्युत्पत्ती त्या मानाने फिकी. आमचा कार्यक्रम लोकांना आवडतो त्याच गुणावर खोट्या व्युत्पत्त्या जगतात: छोटी, गोल, दुसऱ्याला देता येणारी गोष्ट. फरक फक्त ताईच्या तीन दिवसांचा आहे आणि तो फरक ऐकताना कानाला कळत नाही.

घरोटाचा आजा

आता घरोटाकडे परत. त्या भागानंतर लोक अहिराणी शब्द पाठवू लागले. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, अहिराणी धरून, सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची मातृभाषा नोंदवली आहे. त्यातले कितीतरी जण बँकेत, तहसीलीत, पोराच्या शाळेत ती बोली खिशात घालून ठेवतात. 'डोळा'ला 'डोया' म्हटलं म्हणून वर्गात हसं झालेला माणूस मीही आहे. तर घरोटाला संस्कृत कोशात जागा आहे म्हटल्यावर लोकांच्या आवाजात एक ताठपणा आला. "आमचाही शब्द शुद्धच निघाला," असं एकानं लिहिलं.

मला ते फार बरं वाटलं. ताईला नाही. "आजा सापडला म्हणून घरोट मोठं झालं का? नसता सापडला तर? आणि संस्कृत कोशात आहे म्हणजे मूळचा संस्कृतच, असंही नसतं. 'घरट्ट' हा शब्द बघ तरी. लोकांच्या तोंडातूनच वर गेलेला वाटतो." बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी देशी शब्दांचा वेगळा कोशच केला, ज्यांची नाळ संस्कृताशी जुळत नाही अशा शब्दांचा. त्यात 'पोट्ट' आहे, म्हणजे आपलं पोट. ताईनं हट्टानं दुसऱ्या आठवड्यात 'पोट' लावला. पहिलं वाक्य तिचंच: "पोटाला संस्कृत आजा नाही, तरी त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही."

प्रतिसाद बेताचाच आला. ताई म्हणाली, "येऊ दे बेताचा." मोठमायनं मात्र फोन केला. तिचा मुद्दा वेगळाच होता: पोट दुखतं तेव्हा ओवा द्यावा, हे तू सांगितलंच नाही.

मधे 'पॉडकास्ट' हाही शब्द केला. आयपॉड २००१ चा. त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' जोडून २००४ मध्ये एका इंग्रज पत्रकारानं तो लिहिला. त्यातला 'ब्रॉडकास्ट' मुळात शेतातला आहे: मुठीनं बी चौफेर फेकून पेरणं, फोकणं. मला वाटलं, शेतकरी खूश होतील. एका जिभाऊंनी विचारलं, "आपल्याकडे कपाशी कोण फोकतं? टोकावी लागते. एका जागी दोन बिया." खरंय. नोंद घेतली.

पिंजारी

चाचांनी बरेच दिवस विचारलं नव्हतं. मग एकदा मशीन बंद करता करता म्हणाले, "आमचा शब्द कधी?"

पिंजारी, पिंजणारा. संस्कृतात 'पिंजन' म्हणजे कापूस पिंजायचं साधन, त्याच धातूचं मराठी पिंजणं. मी संहिता लिहून नेली. चाचांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, हा मी बोलणार.

गाद्यांवर चढून त्यांनी धनुकली खाली काढली. वडील ती खांद्यावर टाकून भोद नि बहादरपूरच्या बाजूला पायी फिरायचे, घरोघरच्या गाद्या पिंजायचे. गल्लीत शिरलं की हाक मारायची नाही, नुसती तार छेडायची. बायका अंथरुणं घेऊन ओट्यावर येत. रुईचा ढीग पुढ्यात, लाकडी मोगरीनं तारेवर ठोका, आणि कापूस दुधासारखा उतू येतो. हे सगळं चाचा बोलत होते आणि मधे थांबून एकदा त्यांनी तार छेडली. आवाज पिऊन टाकणाऱ्या त्या खोलीत तो आवाज मात्र बराच वेळ राहिला. रेकॉर्डिंगच्या मीटरची सुई टोकापर्यंत गेली.

त्यांनी पाच वेळा रेकॉर्ड केलंय. सगळ्यात छोटं झालं ते सहा मिनिटं दहा सेकंदांचं. मी लॅपटॉपवर ते पसरून बसलोय. साडेतीनमध्ये आणायचं तर दोन मिनिटं चाळीस सेकंद जायला हवेत. वडिलांचं पायी फिरणं कापवत नाही, तारेचा आवाज कापवत नाही. मोजून पाहिलं तर शब्द कुठून आला ते सांगणारा भाग बरोबर तेवढाच भरतो. ताईला अजून विचारलेलं नाही.